दिएगो गार्सियाचा भाडेकरार आणि घराबाहेरची माणसे

मे २०२५ मधली गोष्ट. चागोस बेटे मॉरिशसला देण्याच्या करारावर ब्रिटनने सही केल्याची बातमी आली. त्या रात्री माझ्या मोबाइलवर दोन व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये दोन वेगवेगळे जल्लोष चालू होते.

पहिला ग्रुप आमच्या मोहल्ल्याचा. तिथे एका चाचांनी नकाशासह फॉरवर्ड टाकला होता. इराक आणि अफगाणिस्तानवर बॉम्ब टाकणारी विमाने जिथून उडाली ते दिएगो गार्सिया बेट इंग्रजांनी सोडले, आता अमेरिकेचा तळही उठणार, अल्लाह के घर देर है, अंधेर नहीं. त्याखाली 'आमीन'ची रांग लागली होती. दुसरा ग्रुप कॉलेजच्या जुन्या मित्रांचा. तिथेही नकाशा तोच, मजकूर मात्र वेगळा होता. हिंद महासागरात भारताचा राजनैतिक विजय, वसाहतवादाचा शेवटचा तुकडा गळून पडला, वगैरे. तिथे तिरंग्याच्या इमोजींची रांग.

मी दोन्हीकडे एकच उत्तर लिहिले. तळ उठत नाहीये. उलट तो आणखी ९९ वर्षे हलू नये, याच्या बंदोबस्तासाठीच हा करार झाला आहे. आणि ज्यांची ही बेटे, त्यांना कुणीही विचारलेले नाही. मोहल्ल्याच्या ग्रुपवर चाचांनी 'अच्छा' लिहिले. मित्रांच्या ग्रुपवर एकाने विचारले, 'ज्यांची बेटे म्हणजे कुणाची? तिथे कुणी राहत होते का?'

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितो आहे. कारण 'तिथे कुणी राहत होते का' हा प्रश्न माझ्या मित्राला पडावा, अशी व्यवस्था साठ वर्षांपूर्वी लंडनमध्ये बसून केली गेली होती. ती किती यशस्वी झाली, याचा पुरावा माझ्या मोबाइलमध्ये होता.

तीस लाख पौंडांचे स्वातंत्र्य

भारताच्या दक्षिण टोकापासून सुमारे १८०० किलोमीटर खाली, हिंद महासागराच्या मधोमध साठेक लहान बेटांचा समूह आहे. त्याचे नाव चागोस. त्यातले सर्वांत मोठे बेट दिएगो गार्सिया. फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे नारळाच्या बागा लावल्या आणि राबायला आफ्रिका व मादागास्करमधून गुलाम आणले. १८१४ च्या पॅरिस तहाने मॉरिशस आणि त्याच्या ताब्यातली ही बेटे ब्रिटनकडे आली. पुढे गुलामी संपली, काही मजूर हिंदुस्थानातूनही आले. माणसे तिथेच रुजली. त्यांची स्वतःची क्रेओल बोली, चर्च, दफनभूमी, खोबऱ्याचा व्यवसाय, मासेमारी. पाच-पाच पिढ्या त्या वाळूत जन्मल्या आणि त्याच वाळूत पुरल्या गेल्या.

१९६० च्या दशकात अमेरिकेला हिंद महासागरात लष्करी तळ हवा होता. तिची अट साधी होती. जागा अशी हवी की पुढेमागे तिथून कुणी 'चले जाव' म्हणणार नाही. त्याच वेळी मॉरिशस स्वातंत्र्य मागत होता. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनमध्ये वाटाघाटी झाल्या. ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना भेटायला बोलावले. त्या भेटीपूर्वी विल्सन यांच्या सचिवाने दिलेले टिपण आज उघड झाले आहे. त्याचा आशय असा की, रामगुलाम यांना आशेनेच घाबरवायचे आहे. स्वातंत्र्य मिळेल ही आशा दाखवायची आणि बेटे सोडली नाहीत तर ते मिळणार नाही ही भीती घालायची.

रामगुलाम यांनी संमती दिली. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस मॉरिशसपासून तोडून 'ब्रिटिश हिंद महासागर प्रदेश' नावाची नवी वसाहत निर्माण करण्यात आली. जगभर वसाहती संपत असताना ब्रिटन एक नवी कोरी वसाहत जन्माला घालत होता. मोबदला म्हणून मॉरिशसला तीस लाख पौंड मिळाले. वसाहतीचा भूभाग स्वातंत्र्यापूर्वी तोडू नका, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ठरावाने बजावले. ब्रिटनने दुर्लक्ष केले. ३० डिसेंबर १९६६ रोजी अमेरिकेशी करार झाला. भाडे उघडपणे ठरले नाही. पोलारिस क्षेपणास्त्रांच्या खरेदीत ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली. ही सूट दोन्ही देशांच्या लोकप्रतिनिधींपासून लपवून ठेवली गेली.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. आपल्याकडे मॉरिशसला 'लघु भारत' म्हणून मिरवण्याची हौस आहे. रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातून गेलेल्या गिरमिटियांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून नांदतात, गणपती बसवतात. त्याचा आनंद मलाही आहे. पण त्या स्वातंत्र्याची किंमत ज्यांनी चुकवली, ते त्या सोहळ्यात नव्हते.

माणसे नाहीत असे ठरवणे

आता मित्राच्या प्रश्नाचे उत्तर. होय, तिथे माणसे राहत होती. दीड ते दोन हजार.

एखाद्या प्रदेशात स्थानिक जनता असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार तिच्या हिताची जबाबदारी सत्ताधारी देशावर येते. तिचा हिशेब द्यावा लागतो. मग ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तोडगा काढला. स्थानिक जनता नाहीच, असे म्हणायचे. ही सगळी ठेक्यावर आलेली, येती-जाती मजूर मंडळी आहेत, असे कागदावर लिहायचे. १९६६ मधल्या एका सरकारी टिपणात अधिकारी लिहितो की तिथे समुद्रपक्ष्यांखेरीज कुणी मूळ रहिवासी असणार नाही. दुसरा अधिकारी त्यावर मल्लिनाथी करतो की पक्ष्यांसोबत काही टारझन आणि मॅन फ्रायडेही आहेत, ते मॉरिशसच्या गळ्यात पडतील अशी आशा करू. हे शब्द सुशिक्षित, सुसंस्कृत, ऑक्सफर्डच्या वळणाच्या माणसांचे आहेत. वंशद्वेष नेहमी शिवी देऊनच बोलतो असे नाही. तो सरकारी टिपणाच्या समासातही हसत बसलेला असतो.

त्यानंतरची मोडस ऑपरेंडी पाहा. आधी जे लोक उपचारासाठी किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेले होते, त्यांना परतीच्या वेळी बंदरावर सांगण्यात आले की आता बोट नाही, तुमचे बेट विकले गेले आहे. मग बेटांवर येणारे धान्य आणि औषधे कमी करण्यात आली. १९७१ मध्ये अमेरिकी बांधकाम पथके दिएगो गार्सियावर उतरली आणि रहिवाशांना निघण्याचा हुकूम झाला. त्यांचे कुत्रे गोळा करण्यात आले. गोळ्या घालून झाले, विष घालून झाले. शेवटी खोबरे वाळवण्याच्या शेडमध्ये कोंडून वाहनांच्या धुराने त्यांना मारण्यात आले. मुले बघत होती. कुत्र्यांनंतर आपली पाळी, ही समज द्यायला वेगळ्या नोटिशीची गरज उरली नाही.

एकेका कुटुंबाला एखादी पेटी नेण्याची मुभा. माणसे मालवाहू जहाजाच्या पोटात, मालासोबत. १९७३ मध्ये पेरोस बान्होस हे शेवटचे बेट रिकामे झाले. त्या शेवटच्या बोटीत लिझबी एलिसे नावाची वीस वर्षांची गरोदर स्त्री होती. तिचे मूल वाचले नाही. २०१८ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात तिची चित्रफीत दाखवण्यात आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून तिने लेखी जबाब न देता कॅमेऱ्यासमोर आपल्या क्रेओल बोलीत सांगितले. जगातले सर्वोच्च न्यायाधीश ऐकत होते. ती सांगत होती ते फार साधे होते. मी जिथे जन्मले तिथे मला जायचे आहे.

या लोकांना मॉरिशसच्या पोर्ट लुई शहरात आणि सेशेल्समध्ये सोडून देण्यात आले. घर नाही, काम नाही. नारळ सोलण्याखेरीज दुसरे कौशल्य नाही. मॉरिशसमध्ये 'इल्वा', म्हणजे बेटवाला, ही शिवी झाली. ब्रिटनने त्यांच्या पुनर्वसनासाठी दिलेले साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारकडे पडून राहिले आणि लोकांच्या हाती पडेपर्यंत महागाईने त्यातला जीव काढून घेतला होता. १९८२ मध्ये आणखी चाळीस लाख पौंड आले. ते घेताना इंग्रजी कायद्याच्या भाषेतल्या कागदावर अंगठे उमटवून घेण्यात आले. परत जाण्याचा हक्क सोडला, असा त्याचा अर्थ होता. ज्यांना आपले नावही लिहिता येत नव्हते त्यांना तो अर्थ नंतर कळला.

महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या चळवळीने एक घोषणा दिली होती, 'आधी पुनर्वसन, मगच धरण'. कोयनेच्या पाण्याखाली गाव गेलेल्या माणसाला दिएगो गार्सियाची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. आधी उठवा, मग बघू, आणि मग बघायचे विसरा, हा क्रम त्याच्या ओळखीचा आहे.

ब्रिटनच्या उजव्यांना फुटलेला पाझर

आता कराराविषयी. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागारी मत दिले. चागोस तोडणे बेकायदा होते, कारण ती संमती मॉरिशसच्या जनतेची मुक्त इच्छा नव्हती. ब्रिटनने शक्य तितक्या लवकर तिथला कारभार संपवावा. तेरा न्यायाधीश एका बाजूला, विरोधात फक्त अमेरिकेच्या न्यायाधीश. तीन महिन्यांत आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी ब्रिटनला सहा महिन्यांची मुदत दिली. ब्रिटनने तीही पाळली नाही. पण दबाव वाढला, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या आणि २२ मे २०२५ रोजी करारावर सही झाली.

या कराराने चागोसचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे जाते. दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षे ब्रिटनच्या ताब्यात भाड्याने राहते आणि ती मुदत पुढे ४० वर्षे वाढवण्याची सोयही आहे. भाडे वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. दिएगो गार्सियाच्या भोवती २४ सागरी मैलांच्या पट्ट्यात ब्रिटनच्या संमतीशिवाय काही उभारता येणार नाही. बाकी बेटांवरही परक्या फौजांना मज्जाव. अमेरिकेला काहीच गमवावे लागत नाही. आधी बेकायदा असलेला तळ आता कायदेशीर होतो, इतकेच.

तरीही ब्रिटनमध्ये उजव्या पक्षांनी आकांडतांडव मांडले. देश विकला, चीनला दार उघडले, असा ओरडा झाला. जानेवारी २०२६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनीही हा करार म्हणजे मोठा मूर्खपणा असल्याचे जाहीर केले आणि त्याच दमात ग्रीनलँड का हवे हेही सांगून टाकले. याच ट्रम्प यांच्या सरकारने २०२५ मध्ये या कराराचे स्वागत केले होते. बेट म्हणजे फक्त धावपट्टी असे एकदा मनात ठसले की दिएगो गार्सिया काय आणि ग्रीनलँड काय, तिथली माणसे दिसेनाशी होतात.

चीनचा मुद्दा तर हास्यास्पद आहे. चीनच्या बेल्ट अँड रोड योजनेत सामील न झालेल्या मोजक्या आफ्रिकी देशांमध्ये मॉरिशस मोडतो.

पण माझा खरा राग आहे तो या उजव्यांना चागोसच्या लोकांविषयी अचानक फुटलेल्या पाझराचा. 'चागोसवासीयांना न विचारता करार कसा केला?' असे ते संसदेत विचारतात. प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. विचारणारे तोंड चुकीचे आहे. बेटे तोडली विल्सन यांच्या लेबर सरकारने, शेवटची बोट भरली हीथ यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने. २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयात ऑलिव्हिए बांकू यांनी खटला जिंकला, हकालपट्टी बेकायदा ठरली. २००४ मध्ये लेबर सरकारने संसदेला वळसा घालून, राणीच्या विशेषाधिकाराने परतीचा मार्ग पुन्हा बंद केला. २००८ मध्ये लॉर्ड्सनी तीन विरुद्ध दोन मतांनी त्यावर शिक्का मारला. २०१० मध्ये त्या समुद्राला संरक्षित सागरी क्षेत्र जाहीर करण्यात आले. त्यामुळे रहिवाशांची परत येण्याची मागणी करणे अवघड होईल, असे ब्रिटिश अधिकारी अमेरिकी दूतावासाला सांगत होते, हे विकिलीक्सने उघड केले. प्रवाळ वाचवायचे, कासव वाचवायचे, माणूस तेवढा नको. २०१५ मध्ये सरकारनेच नेमलेल्या केपीएमजीच्या अहवालाने मर्यादित पुनर्वसन शक्य असल्याचे सांगितले. २०१६ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने ते नाकारले. कारणे दिली संरक्षण आणि खर्च. आणि २०२२ मध्ये मॉरिशसशी वाटाघाटी सुरू केल्या त्याही याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने.

साठ वर्षे दोन्ही पक्षांनी आळीपाळीने ज्यांच्या तोंडावर दार आपटले, त्यांच्या नावाने आज गळा काढायचा तो बेट हातचे जाऊ नये म्हणून. मजलूम माणसाचा वापर ढालीसारखा करणे हादेखील जुल्मच आहे.

पण 'वसाहतवाद संपला' असेही म्हणू नका

याचा अर्थ करार उत्तम आहे असा नाही. बेटे मॉरिशसकडे जायला हवीत, हे मला मान्य आहे. वसाहत तोडून घेण्याचा अधिकार ब्रिटनला नव्हता आणि न्यायालयाने तेच सांगितले. पण न्यायाची वाटणी करताना ब्रिटनला तळ मिळाला, अमेरिकेला निश्चिंती मिळाली, मॉरिशसला भाडे मिळाले. चागोसच्या माणसांच्या वाट्याला काय आले?

चार कोटी पौंडांचा एक विश्वस्त निधी आणि बाकीच्या बेटांवर मॉरिशस वस्ती वसवू शकेल, अशी तरतूद. 'वसवू शकेल' असे लिहिले आहे, 'वसवेल' असे नाही. आणि दिएगो गार्सियावर, जिथे सर्वाधिक माणसे राहत होती, परतीचा हक्कच नाही. २२ मेच्या पहाटे दिएगो गार्सियावरच जन्मलेल्या दोन स्त्रियांच्या बाजूने लंडनच्या न्यायालयाने करारावर तात्पुरती स्थगिती दिली. दुपारपर्यंत ती उठली आणि त्याच दिवशी सह्या झाल्या. साठ वर्षांच्या कहाणीत या माणसांना कराराच्या टेबलावर मिळालेला वेळ तो एवढाच. काही तास, तोही कोर्टातून. पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी करार मंजूर करू नका, पुन्हा वाटाघाटी करा, असे आवाहन केले.

इथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. सगळे चागोसवासी कराराच्या विरोधात नाहीत. मॉरिशसमध्ये राहणारे बांकू आणि त्यांची संघटना कराराच्या बाजूने आहे. निदान काही बेटांवर तरी जाता येईल, म्हातारी पिढी मरण्याआधी पाय लागतील, असे त्यांना वाटते. इंग्लंडमधल्या क्रॉली गावात स्थायिक झालेल्यांपैकी बरेच जण कराराच्या विरोधात आहेत. मॉरिशसने आपल्याला कसे वागवले हे त्यांना आठवते. कुणाचे बरोबर, हे मी महाराष्ट्रात बसून ठरवणार नाही. पण लोकांमध्ये दोन मते असतील तर ती मोजण्याची एक जुनी, साधी रीत आहे. मतदान घ्या. चागोसचे लोक आणि त्यांचे वंशज मिळून सुमारे दहा हजार आहेत. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढे. दहा हजार माणसांना विचारणे ब्रिटनला जड जात नव्हते. उत्तर काय येईल याची भीती होती.

सुरक्षेचे कारण तर कधीच टिकणारे नव्हते. दिएगो गार्सियाच्या पश्चिम बाजूला तळ आहे. पूर्वेची बाजू, जिथे जुनी वस्ती आणि चर्च होते, रिकामी आहे. तळावर स्वयंपाक करायला, साफसफाई करायला, बांधकामाला फिलिपाइन्ससारख्या देशांतून माणसे आणली जातात. हजारो मैलांवरच्या बिगरलष्करी माणसाने त्या बेटावर झाडू मारला तर सुरक्षेला धोका नाही. ज्याचा आजोबा तिथे पुरला आहे त्याने तिथे झोपडी बांधली की धोका. ही कसली सुरक्षा?

आपल्या पदरातले

आता चाचांच्या फॉरवर्डकडे येतो, कारण घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय बाहेरच्याला सुनावण्यात अर्थ नाही.

दिएगो गार्सियाचे नाव मुसलमानांना ठाऊक आहे ते बॉम्बमुळे. १९९१ चे आखाती युद्ध, २००१ चे अफगाणिस्तान, २००३ चे इराक. प्रत्येक वेळी तिथून बॉम्बफेकी विमाने उडाली. २०२५ मध्ये येमेनवर हल्ले चालू असताना तिथे बी-२ विमाने आणून ठेवली होती. 'दहशतवादाविरुद्धच्या युद्धा'त पकडलेल्या कैद्यांना घेऊन जाणारी दोन अमेरिकी विमाने २००२ मध्ये तिथे उतरली होती, हे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना २००८ मध्ये संसदेत कबूल करावे लागले. त्याआधी ब्रिटिश सरकार हे नाकारत होते. राग येणे साहजिक आहे. मलाही येतो.

पण आपल्या रागाची सुरुवात बगदादवर पडलेल्या बॉम्बपासून होते, १९७१ च्या कुत्र्यांपासून होत नाही. त्या बेटावरून ज्यांना हाकलले ते मुसलमान नव्हते. काळे, गरीब, कॅथलिक होते. म्हणून आपल्या पोस्टमध्ये ते नाहीत. ज्या धावपट्टीवरून इराकवर विमाने गेली, ती धावपट्टी आधी त्यांच्या अंगणावर ओतली गेली. पहिला बॉम्ब त्यांच्यावर पडला, हे आपल्या लक्षातही येत नाही.

आणि उम्मतचा हिशेबच काढायचा तर २०१९ च्या आमसभेतली ती सहा विरोधी मते पाहा. अमेरिका, ब्रिटन, इस्रायल, ऑस्ट्रेलिया, हंगेरी आणि मालदीव. शंभर टक्के मुस्लिम म्हणवणारा देश या रांगेत उभा राहिला. कारण समुद्रहद्दीचा वाद. चागोस मॉरिशसचे ठरले तर आपल्या वाट्याचे पाणी कमी होईल ही धास्ती. पाण्याच्या वाटणीपुढे मजलूमाची बाजू घेणे परवडले नाही.

नुबुव्वतच्या आधीचा एक प्रसंग आपण मीलादच्या जलशात नेहमी ऐकतो. येमेनमधल्या जबीदहून एक परका व्यापारी मक्केत आला. तिथल्या एका प्रतिष्ठिताने त्याचा माल घेतला आणि पैसे बुडवले. व्यापाऱ्याला मक्केत कबिला नव्हता, पाठीशी कुणी नव्हते. तेव्हा काही जणांनी अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमून शपथ घेतली की मक्केत कुणावरही जुल्म झाला, तो आपला असो की परका, आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. त्या शपथेत तरुण मुहंमद (स.) होते. पुढे प्रेषित झाल्यावरही त्यांनी सांगितले की आजही कुणी त्यासाठी बोलावले तर मी जाईन. ही हिल्फुल फुजूल. त्या व्यापाऱ्याचा कबिला कोणता, हे कुणी विचारले नव्हते. आपण मात्र आधी कबिला विचारतो, मग दुवा करायची की नाही ते ठरवतो.

आता मित्रांच्या ग्रुपकडे. भारताची अधिकृत भूमिका या प्रश्नावर सुरुवातीपासून सरळ आहे. इंदिरा गांधींच्या काळात भारताने दिएगो गार्सियाच्या तळाला उघड विरोध केला, १९७१ मध्ये हिंद महासागर शांतता क्षेत्र असावे या आमसभेच्या ठरावामागे उभा राहिला. २०१९ मध्ये मॉरिशसच्या बाजूने मत दिले. याचा अभिमान जरूर बाळगावा. मग एक प्रश्नही विचारावा. त्याच मॉरिशसच्या आगालेगा बेटावर भारताने तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. बेटाची वस्ती जेमतेम तीनशे. हा लष्करी तळ नाही, असे दोन्ही सरकारे सांगतात. तिथून कुणाला हाकललेलेही नाही. पण आगालेगाच्या लोकांनी 'आमचे चागोस होऊ नये' अशी भीती बोलून दाखवली, तेव्हा ती ऐकणे आपले काम आहे. शांतता क्षेत्र मागणाऱ्या देशाला आज तळांच्या भाषेत 'विजय' मोजावा वाटतो, यात काय कमावले आणि काय घालवले, याचा हिशेब त्या तिरंग्याच्या रांगेत कुठे दिसला नाही.

मागणी एवढीच

माझे म्हणणे थोडक्यात असे. बेटे मॉरिशसला द्यावीत. पण चागोसच्या लोकांचे मत घेतल्याखेरीज कोणताही करार अंतिम मानू नये. दिएगो गार्सियासह सर्व बेटांवर परतण्याचा हक्क 'शकेल' या शब्दावर न सोडता बंधनकारक करावा. भाड्यातला वाटा कुणाच्या तिजोरीतून झिरपत न येता थेट त्यांच्या संस्थांकडे जावा. आणि ९९ वर्षांच्या तळाला, तो कुणाचाही असो, 'वसाहतमुक्ती' म्हणू नये.

२००६ मध्ये शंभरेक चागोसवासीयांना ब्रिटिश सरकारने काही दिवसांसाठी बेटांवर नेले होते. पाहुणे म्हणून. सोबत अधिकारी, परतीची तारीख ठरलेली. त्यांनी तिथे काय केले? झाडोऱ्यात बुडालेल्या आपल्या माणसांच्या कबरी शोधल्या, गवत उपटले, दगड पुसले, फुले ठेवली, प्रार्थना केली आणि ठरलेल्या वेळी बोटीत बसले.

शब-ए-बरातच्या आदल्या दिवशी आम्हीही कब्रस्तानात हेच करतो. विळा घेऊन जातो, गवत काढतो, वालिदांच्या कबरीवर पाणी शिंपडतो. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. यंदा तिथे उभा असताना मला पेरोस बान्होसची ती माणसे आठवली. चाचा शेजारच्याच कबरीशी होते. मी त्यांना ती हकिकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'फातेहा तो उनके लिए भी पढ़ सकते हैं ना?'

फातेहा पढ़ली. आता हेही लिहून ठेवतो.